फणसाडला निघताय? लहानथोरांना घेऊन पहिल्यांदाच जंगलात जाणाऱ्यांसाठी

अलिबागहून मुरूडला जाताना सगळ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या असतात, कारण समुद्र त्या बाजूला. डाव्या हाताला जे हिरवे डोंगर सतत सोबत करतात, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फणसाड अभयारण्य त्या डोंगरांत आहे. एके काळी ही जंजिऱ्याच्या नबाबाची शिकारीची राखीव जागा होती, 1986 साली तिचं अभयारण्य झालं. आत बिबट्या आहे, सांबर, भेकर (भुंकणारं छोटं हरीण), पिसोरी (सशाएवढं मूषकहरीण), साळिंदर, रानडुक्कर आहेत, आणि ज्याच्यासाठी मुलांना मुद्दाम न्यावं असा शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी भलीमोठी खार, आहे.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे दोन मुलं, एखादी आजी आणि एक गाडी घेऊन पहिल्यांदाच असं काही करायला निघालेत. पट्टीच्या पक्षीनिरीक्षकांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी घरातल्यांची समजूत काढा

ही पहिली पायरी, आणि हीच बहुतेक जण गाळतात. मुलांनी टीव्हीवर जे जंगल पाहिलेलं असतं त्यात दर दोन मिनिटांनी कुणीतरी कुणाच्या तरी मागे धावत असतं. मोठ्यांच्या डोक्यात ताडोबा असतो. कोकणातलं जंगल तसं नाही. झाडी दाट, वेली गुंतलेल्या, चढउतार भरपूर. पावसाळ्यानंतर तर वाटेपासून पंधरा-वीस फुटांपलीकडचं काही दिसत नाही. बिबट्या तुम्हाला बघेल, तुम्हाला तो दिसण्याची आशा धरू नका. सांबर दिसलं तर नशीब, भेकराचं ओरडणं मात्र ऐकू येऊ शकतं.

म्हणून निघण्यापूर्वी मुलांना 'वाघ-बिबट्या बघायला जातोय' असं चुकूनही सांगू नका. त्याऐवजी त्यांच्या हाती एक यादी द्या. महाराष्ट्राची राज्यमानचिन्हं ही त्यासाठी अगदी तयार यादी आहे: शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल म्हणजे हिरवं कबूतर हा राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल, आणि 2015 साली जाहीर झालेलं राज्यफुलपाखरू म्हणजे ब्ल्यू मॉर्मन, मराठीत राणी पाकोळी. त्यात 2020 साली पांढरी चिप्पी ही राज्य कांदळवृक्ष (खाडीतल्या खारफुटीचं झाड) झाली आणि 2023 साली पापलेट हा राज्यमासा. एकूण सात. यातले पाच जंगलात किंवा जंगलाच्या कडेला, चिप्पी खाडीवर आणि पापलेट मुरूडच्या खानावळीत. एकाच सहलीत सातही जमले तर शाबासकी द्यायची, पाच जमले तरी भरपूर. ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतं आणि राणी पाकोळी पावसाळा संपता संपता जास्त दिसते, त्यामुळे दोन्हींवर एकदम टिचकी मारणं अवघडच. मोठ्यांनाही ही यादी बरी पडते. नाहीतर तासाभरात 'काहीच नाही इथे' सुरू होतं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नका. दगड शेवाळलेले, ओढे कधी भरतील त्याचा नेम नाही, आणि प्राणी पाण्यासाठी कुठे जमतही नाहीत कारण पाणी सगळीकडेच असतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा छान, जंगल हिरवं, पण दिसतं कमी. गवतात गोचीडही असते. जानेवारी-फेब्रुवारी हे लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोघांनाही मानवणारे महिने. मार्चपासून पानगळ वाढते, पाणी आटतं आणि जे काही पाणवठे उरतात तिथे प्राण्यांना यावंच लागतं. पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात, चिखलगाण वगैरे नावं तुमच्या कानावर पडतील. उन्हाळ्यात पाहायला सगळ्यात जास्त मिळतं आणि घामही सगळ्यात जास्त निघतो. सत्तरीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर मी एप्रिल-मे टाळेन.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत आहे. पण तो रात्रभर गप्प बसण्याचा मामला आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेणं म्हणजे त्यांना आणि जंगलाला, दोघांनाही शिक्षा.

आणखी एक सांगतो. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा काशिद-मुरूडला गाड्यांची रांग लागते. मुलांच्या शाळेतून एक दिवस रजा मिळत असेल तर सोमवार-मंगळवार साधा. जंगलातला फरक लगेच जाणवेल.

मुक्काम आणि रस्ता

आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुरूड, नांदगाव किंवा काशिदला पोहोचा. मुंबईहून पहाटे निघून सकाळी जंगल गाठू, असा बेत आखू नका. पेण-वडखळला अडकलात की सकाळ गेली, आणि सकाळ गेली की अर्धी सहल गेली. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट हा चांगला पर्याय आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे. पुढे अलिबाग, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव आणि किनाऱ्याने खाली. पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणीने उतरून कोलाड-रोहा हा मार्ग. रेल्वेने यायचं तर रोहा स्टेशन.

राहायला हॉटेलं पुष्कळ आहेत, पण मी घरगुती सोय घ्या म्हणेन. दोन फायदे. पहाटे साडेपाचला चहा आणि बरोबर न्यायला घावन किंवा आंबोळी करून मिळते. आणि ज्यांच्याकडे उतरता त्यांना वाटाड्या ठाऊक असतो. अभयारण्याचं मुरूडकडचं प्रवेशाचं ठिकाण सुपेगावला आहे. तिथे वनखात्याची राहण्याची सोय आहे. ती सध्या चालू आहे का, जागा आहे का, हे आधी विचारून घ्या. किनाऱ्यावरून सुपेगाव गाडीने तासाभराच्या आत.

पेट्रोल आणि रोख पैसे आदल्या संध्याकाळीच भरून-काढून ठेवा. डोंगरात शिरलं की मोबाईलची रेंज जाते, आणि 'फोनवरून देतो' हे वाक्य तिथे चालत नाही.

नाक्यावर

अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, त्यामुळे 'गावातून एक वाट जाते' असं कुणी सुचवलं तरी तिकडे वळू नका. नाक्यावर नावनोंदणी करा, शुल्क भरा, पावती घ्या. ओळखपत्र जवळ असू द्या. मोठा कॅमेरा असेल तर त्याचे पैसे वेगळे लागू शकतात. ड्रोन घरी ठेवा. वेळा आणि दर बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात फोन केलेला बरा. वनखात्याची 1926 ही मदतवाहिनीही आहे, ती लिहून ठेवा.

गाडी कुठवर न्यायची ते नाक्यावर सांगतील. तिथून पुढे पायी.

वाटाड्या घ्याच. काटकसर करायची तर जेवणात करा, इथे नको. आसपासच्या गावांतली ही मुलं याच रानात गुरं, लाकूडफाटा, करवंदं करत वाढलेली असतात. त्यांना 'दादा, शेकरू दाखवाल का?' असं विचारलं तर ते भिडेखातर 'हो बघू' म्हणतील. 'दादा, सध्या शेकरूची ताजी घरटी कुठल्या बाजूला आहेत? फळं कशाला लागलीत?' असं विचारा. मग गडी खुलतो आणि नेहमीच्या वाटेऐवजी कामाच्या वाटेने नेतो. बरोबर किती वर्षांची मुलं आहेत, आजीला किती चालवेल, हेही त्याला आधीच सांगून टाका.

कमी चाला, जास्त बसा

आता मुख्य गोष्ट. नवखी मंडळी जंगलात चालायला जातात. चार किलोमीटर तुडवून, घामाघूम होऊन परततात आणि माकडांशिवाय काही दिसलं नाही म्हणतात. सात-आठ माणसं सुक्या पानांवरून चालत असताना जो आवाज होतो तो प्राण्यांना पार पलीकडच्या टेकाडावर ऐकू जातो. तुम्ही पोहोचेपर्यंत तिथलं सगळं रान रिकामं.

त्यापेक्षा उजाडता उजाडता आत शिरा, अर्धा-पाऊण तास सावकाश चाला आणि पाणवठ्याजवळ किंवा फळं लागलेल्या मोठ्या झाडापासून थोडं लांब, आडोसा बघून बसा. अर्धा तास. शक्य असेल तर जास्त. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग एखादा बुलबुल खाली येतो, मग कोतवाल, मग कुठेतरी सुतार ठकठक करू लागतो. आपण बसलोय हे रान हळूहळू विसरतं. आजीसाठी घडीचं स्टूल न्या. ती बहुधा घरातली सगळ्यात चांगली निरीक्षक ठरते, कारण तिला उठायची घाई नसते.

उंबर, वड, पिंपळ पिकलेला असेल तर तिथे हरियालांचा थवा येतो. रंगाने पानांत इतका मिसळतो की झाडावर चाळीस असले तरी आधी एकच दिसतो, तोही हलला म्हणून. सकाळी कोवळ्या उन्हात ते निष्पर्ण शेंड्यांवर येऊन बसतात, तेव्हा बघायला सोपे. पाय पिवळे, हीच खूण. धनेश, म्हणजे मोठ्या बाकदार चोचीचा पक्षी, तोही अशाच झाडांवर. कोकणात बऱ्याच गावांत धनेशाला गरुड म्हणतात, त्यामुळे वाटाड्या 'गरुड' म्हणाला की आकाशात घिरट्या शोधत बसू नका, झाडाच्या ढोलीकडे बघा. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर तिला फळं आणून भरवतो. असं घरटं दिसलं तर दोन मिनिटं लांबून बघून निघा. तुम्ही उभे असेपर्यंत नर जवळ येणार नाही, आणि आत बसलेल्यांचं खाणं तेवढं लांबतं.

शेकरू कसा शोधायचा

आधी घरटं शोधा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, फांदीच्या बेचक्यात, काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसेल. कावळ्याचं घरटं पसरट असतं, हा गोळा सगळीकडून बंद. एक शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतो, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे तो आतच असेल असं नाही. पण तो भाग त्याचा, हे नक्की.

मग खाली बघा. कुरतडलेली साल, अर्धवट खाल्लेली फळं, नुकत्याच तुटलेल्या हिरव्या डहाळ्या. ताज्या असतील तर वर कुणीतरी आहे. आता कान द्या. शेकरू खडखडीत आवाजात, थांबून थांबून ओरडतो. लहान खारीचं चिवचिवणं आणि हे यांत गोंधळ होत नाही.

आणि दिसला की घाई करू नका, कारण तो सहसा लगेच पळत नाही. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पांढरं पोट आणि शरीराइतकीच लांब झुबकेदार शेपूट. फळ टोकाला असेल तर मागच्या पायांनी फांदी धरून तो सरळ खाली डोकं करून लोंबकळतो, शेपूट पलीकडे टाकून तोल सावरतो आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांत फळ फिरवत फिरवत खातो. मग कंटाळला की फांदीच्या टोकापर्यंत धावतो आणि पुढच्या झाडावर झोकून देतो. वीसेक फुटांची उडी त्याला काहीच नाही. जमिनीवर मात्र तो क्वचितच उतरतो. म्हणून झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असले तरच तो टिकतो, आणि मधून रुंद रस्ता काढला की त्याचं जंगल तिथे तुटतं. हे मुलांना तिथेच उभं राहून दाखवता येतं.

सकाळी दहानंतर तो पानांत विसावतो. तुमचीही परतायची वेळ तीच.

दुर्बीण असेल तर वापर घरीच शिकवा. मुलं आधी दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग पक्षी शोधत राहतात, तो कधीच सापडत नाही. उलट करायचं: नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरून ठेवायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. गॅलरीतून समोरच्या तारेवरच्या कावळ्यावर दोन दिवस सराव केला की जमतं. 8 बाय 42 ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण मुलांना पुरते. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीत कुणाकडे तरी पडून असतेच.

न दिसणाऱ्यांचा माग

प्राणी नाही दिसला तरी त्याच्या खुणा दिसतात, आणि मुलांना त्यात कधीकधी जास्त मजा येते. वाटेवरच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते बहुधा उदमांजराचं काम. केस आणि हाडांचे तुकडे असलेली मोठी विष्ठा बिबट्याची असू शकते; काठीने उलगडून बघा, हात लावू नका. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा काटा सापडला तर साळिंदराचा. बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. अभयारण्यातून काटा, पीस, शिंग काहीच आणायचं नाही. कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं आणि आसपास गाव नसेल, तर ते भेकर. वानरांनी एकदम खाकरल्यासारखा इशारा दिला, त्यातच भेकरही ओरडलं, तर वाटाड्या थांबेल. तुम्हीही थांबा, मुलांना मध्ये घ्या. चालताना तशीही लहान मुलं मध्येच हवीत, एकट्याने पुढे पळायचं नाही. अंधार पडायच्या आत बाहेर.

वर आकाशातही बघा. या पट्ट्यात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं अजून आहेत, आणि फणसाडमध्ये त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवून त्यांना आधार देण्याचे प्रयत्न झालेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातली गिधाडं झपाट्याने संपली, 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. श्रीवर्धनकडे तर गिधाडांनी नारळाच्या झाडांवर घरटी केलेली आहेत.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी, आत विकत मिळेल असं धरून चालू नका. खाणं डब्यात: पोळीभाजी, घावन, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. वेफर्सची पाकिटं आणूच नका. कचऱ्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी आवाजाचा आहे. पाणवठ्याजवळ तासभर बसून जे कमावलं ते पाकीट फोडण्याच्या एका चुरचुरीत जातं. संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची, बाळाचा डायपर तर नक्कीच.

वानरांना काही देऊ नका. एकाला केळं दिलंत की तो पुढच्या कुटुंबाच्या हातातलं ओढणार.

कपडे मळखाऊ, खाकी किंवा हिरवट, पूर्ण बाह्यांचे. पायात बंद बूट आणि मोजे, चपला-फ्लोटर्स नकोत. कारण सांगतो: फुरसं. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा हा विषारी साप कोकणात सगळीकडे आहे आणि तो दगडाच्या कडेला पडून राहतो. दगड उलटायचा नाही, न बघता हात टेकायचा नाही, ओंडक्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं आणि मगच उतरायचं. चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. घड्याळ-अंगठी काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला उचलून न्या आणि 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. रेंज नसेल म्हणून जवळचं रुग्णालय कुठलं ते सकाळीच वाटाड्याला विचारून ठेवा.

अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावू नका. आग्या मोहोळं उंच झाडांवर आणि कड्यांवर असतात, वास आणि धूर दोन्ही त्यांना खपत नाही. सिगारेट ओढणाऱ्या काकांना हे वेगळं सांगावं लागतं.

परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मुलांच्या काखा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे नीट तपासा, गोचीड तिथे चिकटते. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे 2016 पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेत. फणसाड तिथून बरंच लांब आहे, पण पुढे तळकोकणात जाणार असाल तर जंगलातल्या मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नका आणि जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते सांगा.

दुपार, आणि जमलं तर पुढचा दिवस

दुपारी जेवून झोपा. पापलेट यादीतून खोडायला हीच वेळ. संध्याकाळी ओहोटी बघून खाडीवर जा. चिप्पीची झाडं ओळखायला सोपी, चिखलातून वर आलेली सुळ्यांसारखी मुळं आणि गोल, टोक असलेली फळं. ती पांढरी चिप्पी आहे की दुसरी, ते एखाद्या कोळी काकांना विचारा. हिवाळ्यात कुरव आणि चिखलपक्षी तिथेच मिळतील, वर ब्राह्मणी घार. काशिदला मुलांना पाण्यात खोल जाऊ देऊ नका, तो किनारा दिसतो तितका साधा नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एक दिवस हाताशी असेल तर आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसकट दिघीला, दिवेआगर-श्रीवर्धन करत हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याच्या फेरीने वेसवीला उतरून वेळास. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी जपतात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने हे काम उभं राहिलं. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. कधी निघतील ते वाळूलाच ठाऊक, त्यामुळे एक मुक्काम तिथे ठेवा आणि निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. फेरीबोटींच्या वेळा भरती-ओहोटी आणि हंगामाप्रमाणे बदलतात. शेवटची फेरी किती वाजता, हे धक्क्यावर विचारूनच जेवायला बसा.